जुना भाग परत मागा: कर्कश आवाजाच्या दुरुस्तीत पैसे कसे उकळले जातात

दुरुस्तीला आलेल्या एका बुकशेल्फ स्पीकरच्या जोडीबद्दल हे लिहितो आहोत. मालकाची तक्रार एका ओळीची होती: गायकाचा 'स' आणि 'श', झांजा, व्हायोलिन, सगळं कानाला टोचतं. सोबत पावत्यांची जाडजूड पिशवी होती. आधी महागडी स्पीकर केबल, मग 'वीज शुद्ध करणारं' एक जड खोकं, मग सोन्याचा मुलामा दिलेल्या पिना आणि शेवटी 'क्रॉसओव्हर अपग्रेड' (क्रॉसओव्हर म्हणजे खालचे सूर मोठ्या वूफरला आणि वरचे सूर छोट्या ट्विटरला वाटून देणारी स्पीकरच्या आतली जोडणी). पहिल्या तिन्ही खरेद्यांनी काडीचाही फरक पडला नाही. चौथ्या कामानंतर मात्र आवाज पहिल्यापेक्षा जास्त चिरका झाला.

उजवा स्पीकर उघडला. क्रॉसओव्हरच्या पट्टीवर कंपनीने छापलेला आकडा स्पष्ट वाचता येत होता: ४.७ मायक्रोफॅरड (कपॅसिटरचं माप). त्या जागी अंगठ्याएवढा लालभडक फिल्म कपॅसिटर बसवला होता. त्याची आकडा छापलेली बाजू खाली, पट्टीकडे वळवून गरम गोंदाने चिकटवलेली. गोंद खरवडून पाहिलं, तर आकडा होता १०. डाव्यातही तेच.

याचा परिणाम हिशोबानेच कळतो. ट्विटरला ओळीने जोडलेला कपॅसिटर खालचे सूर अडवतो. तो कुठपासून वाट देतो हे काढायचं असेल, तर १,५९,००० ला ट्विटरचे ओहम (त्याचा विजेला होणारा रोध) आणि मायक्रोफॅरड यांच्या गुणाकाराने भागा. ८ ओहम आणि ४.७ मायक्रोफॅरडला उत्तर येतं साधारण ४,२३० हर्ट्झ. १० घातला की ते थेट १,९९० हर्ट्झवर उतरतं. वूफर तर त्या पट्ट्यात आधीपासून वाजतोच आहे, त्यात आता ट्विटरचीही भर पडते. आपला कान सगळ्यात तिखट असतो तो २ ते ५ हजार हर्ट्झच्या दरम्यान, आणि नेमका तोच भाग फुगतो. शिवाय एक इंची घुमटाच्या ट्विटरला २ हजारांच्या आसपास इतक्या सौम्य चाळणीवर वाजवलं, तर त्याचा पडदा झेपेल त्याहून जास्त हलतो. आवाज फाटतो आणि मोठ्या आवाजात कॉइल जळण्याचीही भीती असते. कपॅसिटर महाग आहे की स्वस्त, याला इथे काहीच अर्थ उरत नाही. मायक्रोफॅरडचा आकडा चुकीचा असेल तर चांगला भागही स्पीकर बिघडवतो.

याहून वाईट गोष्ट मल्टिमीटरने दाखवली. ट्विटरची एक वायर सोडवून मोजलं, तर डावा ५.८ ओहम आणि उजवा ३.४ (मीटरवरचा आकडा छापील ओहमपेक्षा कमीच येतो). म्हणजे डावा मूळचा ८ ओहमचा आणि उजव्यात परस्पर ४ ओहमचा दुसराच ट्विटर ठेवून दिलेला, त्याचा पावतीवर उल्लेखही नाही. त्यामुळे गायकाचा आवाज मधोमध, पण त्याचे 'स' उजवीकडे ओढलेले. (वायर न सोडवता बाहेरच्या टर्मिनलवरून ट्विटर मोजता येत नाही, कपॅसिटर आड येतो.) मूळ ट्विटर कुठे गेला असं मालकाने विचारल्यावर मिळालेलं उत्तर ठरलेलं होतं: "जुना माल फेकून दिला."

ट्विटर जोडीचे केले, ४.७ चे कपॅसिटर परत बसवले, चिरकेपणा गेला. राहिली ती सुरुवातीची, थोडीशी बोच. तिची कारणं खोलीत होती: स्पीकर आणि ऐकणाऱ्याच्या मध्ये काचेचं टेबल, बाजूची भिंत उघडी, ट्विटर कानापेक्षा वीतभर खाली आणि फोनमधला इक्वलायझर ट्रेबल चढवून ठेवलेला. पहिल्याच दिवशी एवढं तपासलं असतं तर एकही वस्तू विकत घ्यावी लागली नसती, आणि ही तपासणी विक्रेत्याने केली नाही, हीच खरी फसवणूक.

म्हणून खिशात हात घालण्यापूर्वी घरीच करायच्या गोष्टी सांगतो. ओळखीचं, नीट ध्वनिमुद्रित गाणं आधी अगदी हळू आवाजात ऐका. हळू आवाजात खरखर, चरचर आणि मोठा केल्यावर ती लपते, असं असेल तर संशय अ‍ॅम्प्लिफायरच्या बायसवर (गाणं नसतानाही ट्रान्झिस्टरमधून वाहत ठेवलेला थोडासा प्रवाह). हळू आवाजात गोड आणि मोठ्यात कर्कश असेल, तर अ‍ॅम्प्लिफायर क्लिप होतोय (ताकद संपून सूर छाटतोय), ट्विटर दुखावलाय किंवा खोली परतीचा आवाज फेकतेय. दोन्हीत सारखाच टोचत असेल तर गाण्याची फाइल, इक्वलायझर, स्पीकरची जागा. काही गाणी मुळातच इतकी दाबून, चढवून केलेली असतात की ती कुठल्याही यंत्रावर बोचतात, तेव्हा एकाच गाण्यावरून निकाल देऊ नका.

मग अ‍ॅम्प्लिफायर बंद करून त्याच्या मागच्या बाजूला डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी अदलाबदल करा. दोष त्याच स्पीकरमध्ये राहिला तर स्पीकर दोषी, दुसरीकडे सरकला तर अ‍ॅम्प्लिफायर किंवा त्याच्या आधीचं काहीतरी. याला दहा मिनिटं लागतात, आणि बहुतेक खोटी निदानं इथेच गळून पडतात. लाल-काळा उलटा जोडला गेला नाही ना, हेही त्याच वेळी बघा. एका बाजूला उलटं असेल तर बेस नाहीसा होतो आणि उरलेला आवाज पातळ, बोचरा वाटतो.

खोलीसाठी आरसा आणि जाड रजई पुरते. ऐकायच्या जागी बसा, दुसऱ्याला बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. जिथे आरशात ट्विटर दिसेल, तिथे रजई टांगा. काचेच्या टेबलावरही एक टाका. ट्विटर कानाच्या उंचीवर आणा, तोंड थेट कानावर असेल तर थोडं बाहेर वळवा. फरक पडला, तर निदान झालं.

आता दुकानातल्या क्लृप्त्या. केबलचं उदाहरण घ्या. २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या ३ मीटर केबलचा जाऊन-येऊन रोध सुमारे ०.०४ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरवर त्याने पडणारा फरक ०.०५ डेसिबलहूनही कमी. एवढ्याने कर्कशपणा जात नाही. उलट 'शुद्ध तांबं' म्हणून तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार सर्रास विकली जाते. एक तंतू ब्लेडने खरवडा. आत पांढरी चमक दिसली तर केबल परत करा.

दुकानात दोन वस्तू तुलना करून ऐकवतात तेव्हा महागडी वस्तू जरा मोठ्याने वाजत असते. १ डेसिबलचा फरक 'मोठा' म्हणून जाणवत नाही, 'स्पष्ट' म्हणून जाणवतो. स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावून १०० ते ४०० हर्ट्झमधला एक स्थिर सूर वाजवायला सांगा. दोन्ही वेळचे व्होल्ट एक टक्क्याच्या आत जुळले तरच तुलना खरी. विक्रेता नकार देत असेल तर उठून या. आणि "दोनशे तास वाजू द्या, मग खुलेल" हे वाक्य ऐकलंत की परतीची मुदत किती दिवसांची आहे ते लगेच विचारा. रोज दोन तास ऐकणाऱ्याला दोनशे तासांना शंभर दिवस लागतात. तोवर मुदत संपलेली असते आणि कानही त्या आवाजाला सरावलेला असतो.

अ‍ॅम्प्लिफायरच्या दुरुस्तीत बनावट आउटपुट ट्रान्झिस्टर ही मोठी कीड आहे. २एससी५२०० आणि २एसए१९४३ या जोडीच्या नकला बाजारात भरपूर आहेत. वरून छपाई तीच, आतली सिलिकॉनची चकती लहान. त्या तापतात, म्हणून दुरुस्ती करणारा बायस उतरवून ठेवतो, आणि तिथून हळू आवाजातली चरचर सुरू होते. बायस मोजण्याचं उदाहरण: ट्रान्झिस्टरला जोडलेल्या ०.२२ ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर ११ मिलिव्होल्ट म्हणजे ५० मिलिअँपिअर. तुमच्या मॉडेलचा योग्य आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. हे मोजमाप जाणकाराकडूनच करून घ्या, कारण बंद अ‍ॅम्प्लिफायरचेही मोठे कपॅसिटर भारलेले असू शकतात. घरी मात्र एवढं पाहता येतं: गाणं बंद असताना स्पीकर टर्मिनलवर डीसी ५० मिलिव्होल्टच्या आत हवा. त्याहून बराच जास्त असेल तर स्पीकर जोडूच नका.

काम देण्याआधी दोन्ही ट्विटरचा रोध मोजून लिहून ठेवा, क्रॉसओव्हरचे आणि चुंबकामागच्या लेबलचे फोटो काढा, ट्विटरच्या चौकटीच्या आतल्या बाजूला मार्करने बारीक खूण करा. पावतीवर बदललेल्या प्रत्येक भागाचं माप मायक्रोफॅरड आणि ओहममध्ये लिहून घ्या, नुसतं 'अपग्रेड' नको. काढलेले सगळे भाग पिशवीत परत मिळतील, ही अट काम देतानाच पावतीवर उतरवा. आधीच फसला असाल तर दुसऱ्या कारागिराकडून ही मोजमापं लेखी घ्या, फोटोंसह पहिल्या दुकानाला लेखी तक्रार द्या, आणि तिचा निकाल लागेपर्यंत चुकीचे भागही टाकून देऊ नका.