नागपूरच्या धंतोलीतलं पेन क्लिनिक (दुखण्यावरच्या इलाजाचं) आणि कमरेतलं स्टिरॉइड इंजेक्शन, माझा अनुभव

आधी निकाल सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. पायातली कळ जवळजवळ गेली, कमरेचं दुखणं थोडंच कमी झालं, आणि तरी मी या क्लिनिकला पाचपैकी साडेचार देते, कारण डॉक्टरांनी सुई लावायच्या आधीच मला हेच सांगितलं होतं की पाय सुटेल, कमरेची गॅरंटी मी देत नाही.

झालं असं की वर्धा रोडवर सिग्नलला उभी होते, मागून कारनं माझ्या अ‍ॅक्टिव्हाला ठोकलं. हाड मोडलं नाही म्हणून सगळे म्हणाले नशीब चांगलं, पण काही दिवसांनी डाव्या कुल्ल्यापासून पोटरीच्या मागून थेट करंगळीपर्यंत करंट जायला लागला, खोकला आला की जीव जायचा, भाजी चिरायला बसणंही बंद. एमआरआयमध्ये एल फाइव्ह एस वनची, म्हणजे कमरेच्या शेवटच्या मणक्याखालची गादी सरकून डाव्या नसेवर दाब आलेला दिसला. गोळ्या, बेल्ट, शेक सगळं करून झालं. त्यात एका मोठ्या हॉस्पिटलात तर मला टेबलावर न झोपवता, नुसता रिपोर्ट पाहून 3 इंजेक्शनचं पॅकेज सांगितलं, आज अ‍ॅडव्हान्स भरा म्हणे! मला फार राग आला होता. पहिल्याचा गुण किती येतो ते पाहायच्या आधीच तिसऱ्याचे पैसे काहून भरायचे? इथल्या डॉक्टरांना विचारलं तर ते स्पष्ट म्हणाले, ठरवून तीन द्यायला काही आधार नाही, एक द्यायचं, थांबायचं, गरज वाटली तरच पुढचं, आणि वर्षात तीन-चारच्या वर तर जायचंच नाही.

तपासणी नीट केली हो. पाय सरळ उचलून पाहिला, टाचा उचलून चवड्यांवर चालायला लावलं, कुठल्या बोटाला मुंग्या येतात ते विचारलं. का तर म्हणे एमआरआयमध्ये गादी सरकलेली अनेकांना दिसते ज्यांना काहीच दुखत नाही, म्हणून फोटो आणि त्रास जुळला पाहिजे, तरच इंजेक्शन. लघवी-संडासवरचा ताबा जाणं, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा किंवा पंजाच उचलता न येणं, यातलं काही आहे का हे दोनदा विचारलं, कारण तसं असेल तर इंजेक्शनची वाट न पाहता तातडीनं ऑपरेशनचा विचार करावा लागतो. आणि हे औषध गादी जागेवर बसवत नाही, नसेच्या मुळाशी आलेली सूज उतरवतं, गादीचा बाहेर आलेला भाग बऱ्याच लोकांचा काही महिन्यांत आपोआप आकसतो, तोवरचा काळ सुसह्य व्हावा आणि व्यायाम करता यावा यासाठी हे करायचं, इतकं सरळ मला आधी कोणी समजावलंच नव्हतं.

भीतीचं पण बोलते. अमेरिकेच्या एफडीएनं (औषधांवर देखरेख ठेवणारी तिथली सरकारी संस्था) 2014 मध्ये याच इंजेक्शनबद्दल इशारा दिला आहे की क्वचित पण गंभीर त्रास होऊ शकतो, दृष्टी जाणं, पक्षाघात, मृत्यूसुद्धा. मी ते वाचून गेले होते आणि तोंडावर विचारलं. डॉक्टर चिडले नाहीत. म्हणाले धोका खरा आहे, म्हणूनच अंदाजानं सुई न घालता सी-आर्मवर (चालू एक्स-रे दाखवणारं मशीन) पाहत घालतो, आधी डाय (एक्स-रेत दिसणारं द्रव) सोडून सुई रक्तवाहिनीत नाही ना ते बघतो, आणि तुम्हाला डेक्सामेथासोन देणार, ते पूर्ण विरघळलेलं असतं, त्यात कण नसतात, कणवालं औषध चुकून धमनीत गेलं तर ती बंद पडू शकते. माझं तर म्हणणं आहे तुम्ही कुठेही गेलात तरी औषधाचं नाव आणि सी-आर्म आहे का, हे विचाराच.

माझ्यासमोर एका काकांना त्यांनी परत पाठवलं, रक्त पातळ करायची गोळी चालू होती म्हणून. काका नाराज झाले, पण मला तर विश्वासच वाटला. (ती गोळी हार्टवाल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्वतःच्या मनानं बंद करू नका बरं.)

आता प्रत्यक्ष. पोटाखाली उशी देऊन पालथं झोपवलं, कमरेवर थंडगार बीटाडीन, मग बधिर करायची सुई, ती चुणचुणते, खरं दुखलं ते एवढंच. मान वळवली की स्क्रीन दिसत होता, त्यावर माझे मणके आणि बारीक काळी रेघ म्हणजे सुई. डाय सोडला तसा तो नसेच्या वाटेनं पसरत गेला, झाडाच्या मुळासारखा. मग औषध जाताना तीच ओळखीची कळ करंगळीपर्यंत आली आणि मी ओरडले, तर सिस्टर हात धरून म्हणाल्या, "ताई, तिथंच दुखतंय ना रोज? मग बरोबर जागी पोचलंय." आणि डॉक्टरांनी लगेच हात हळू केला. आत जाऊन बाहेर यायला चहा व्हायला लागतो तेवढाच वेळ, पण नंतर पाय जड होतो, पडायची भीती असते, म्हणून सोबत कोणीतरी पाहिजेच आणि गाडी स्वतः चालवायची नाही.

लगेच आराम पडेल असं समजून जाऊ नका. बधिरपणा उतरल्यावर रात्री दुखणं उलट वाढलं, मी रडवेली झाले होते, पण औषधाचा असर यायला दोन-तीन दिवस ते आठवडा लागतो हे कागदावर लिहून दिलेलं होतं आणि तसंच झालं. एका सकाळी खोकले आणि पायात काही गेलंच नाही! मला शुगर आहे, ती मात्र काही दिवस चांगलीच वर गेली, स्टिरॉइडनं जातेच, त्यामुळे डायबिटीसवाल्यांनी घरी मशीनवर तपासत राहा आणि आपल्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा. तेव्हापासून फिजिओ मन लावून करून राहिले, कारण याचा असर काही आठवडे ते महिने, कायमचा नाही. यंदा महालक्ष्म्यांच्या जेवणाला पंगतीत वाढू शकले, सासूबाईंनी दोनदा बसायला सांगितलं तरी बसले नाही.

अर्धा स्टार कापला तो वेळेसाठी. अपॉइंटमेंट असूनही ताटकळत ठेवतात, आणि ज्याची कंबर दुखते त्याला प्लास्टिकच्या खुर्चीवर इतका वेळ बसवायचं हे बरोबर नाही, एखादा बेड ठेवा बाप्पा बाहेर. धंतोलीत पार्किंग मिळत नाही, कॉंग्रेस नगर मेट्रोनं उतरून ऑटो केलेली बरी. पैसे किती लागतील ते आधी लिहून दिलं आणि बिल तेवढंच आलं, सी-आर्म, औषध सगळं धरून. इन्शुरन्सवाल्यांनी मात्र मी अ‍ॅडमिट नव्हते म्हणून क्लेम परत केला, तर हे डे-केअरमध्ये (रात्रभर भरती न राहता होणारे उपचार) बसतं का ते आपल्या कंपनीकडून ईमेलवर आधीच लिहून घ्या. आणि अपघाताची केस असेल तर एफआयआरची कॉपी, एमआरआय, प्रोसिजर नोट (काय केलं त्याची लेखी नोंद) आणि प्रत्येक बिल एका फाइलमध्ये ठेवा, क्लिनिकवाले प्रोसिजर नोट मागितल्याशिवाय देत नाहीत, डिस्चार्जच्या वेळेसच मागून घ्या.