सोसायटीच्या झाडांचं वार्षिक कंत्राट: एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

दादर-माहीमच्या किनाऱ्याजवळची जुनी सोसायटी. आवारात सहा नारळ, दोन गुलमोहर, दोन आंबे, एक फणस, एक पर्जन्यवृक्ष, एक देशी बदाम आणि गेटपाशी एक सोनमोहर. फेब्रुवारीत वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट दिलं, आता नोव्हेंबर उजाडलाय. कंत्राटदाराचं नाव देत नाही, कारण कामाचा दर्जा त्या दिवशी कोणती माणसं आली यावरच ठरत होता आणि दुसरीकडेही तसंच असणार. सेवा घेण्यासारखी आहे. फक्त करवत नेमकी कुठे लागणार हे सोसायटीतल्या निदान एका माणसाला कळत असावं आणि छाटणीच्या दिवशी त्याने खाली उभं राहावं.

सगळ्यात मोठा धोका मुंडणाचा. मे महिना आला की मुंबईत सगळीकडे एकच मागणी असते, ‘पावसात पडायला नको, वरून सरसकट उतरवून टाका.’ पहिल्या खेपेला आलेली टोळीही गुलमोहराच्या सगळ्या फांद्या एका उंचीवर तोडायला निघाली होती. काम थांबवावं लागलं. अशा तोडलेल्या टोकांवर सुप्त डोळे फुटतात आणि एकेका खुंटावर दहा-पंधरा धुमारे सरळ वर जातात. हे धुमारे लाकडात आतून रुजलेले नसतात, नुसत्या वरच्या थराला चिकटलेले असतात. दोन-तीन वर्षांत ते मनगटाएवढे जाड होतात, तोवर खालचा खुंट कुजत आलेला असतो आणि जोराच्या वाऱ्यात अख्खा धुमारा सालीसकट सोलून खाली येतो. शिवाय सगळा पाला गेल्यावर झाड साठवलेल्या अन्नावर जगतं, मुळं उपाशी राहतात आणि झाड धरून ठेवणारी तीच असतात. म्हणजे मुंडण केलेलं झाड त्या पावसाळ्यापुरतं निर्धोक वाटतं आणि पुढच्या पावसाळ्यांत आधीपेक्षा जास्त धोकादायक होतं. गुलमोहर आणि सोनमोहर यांचं लाकूड मुळातच ठिसूळ, त्यामुळे त्यांच्या बाबतीत तर हे हमखास घडतं.

त्याऐवजी विरळणी करून घ्यावी. आधी सुकलेल्या फांद्या, मग एकमेकींवर घासणाऱ्या, मग इमारतीवर टेकणाऱ्या. लांब फांदी कमी करायची तर ती मध्येच न तोडता एखाद्या बाजूच्या फांदीपाशी आणून थांबवायची, आणि ती बाजूची फांदी कापल्या जाणाऱ्या फांदीच्या निदान एक तृतीयांश जाडीची हवी. एका वेळी एकूण पाल्याच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त काढू नये, म्हाताऱ्या झाडाचा त्याहून कमी. दुबेळक्याकडे मुद्दाम बघावं. दोन जाड फांद्या अरुंद कोनात वर गेल्या असतील आणि मध्ये साल आत दुमडलेली दिसत असेल, तर तो जोड कच्चा असतो. गुलमोहर फाटतात ते बहुतेक अशाच जागी.

आता प्रत्यक्ष काप. आंब्याची साधारण 20 सेंटिमीटर जाडीची फांदी उतरवायची होती. पहिला काप खोडापासून एक फूट अंतरावर, खालच्या बाजूने, जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. दुसरा त्याच्या दोन-तीन सेंटिमीटर बाहेर, वरून. फांदी तुटते ती या दोन कापांच्या मध्ये आणि साल सोलत खोडापर्यंत जात नाही. उरलेल्या खुंटासाठी तिसरा काप. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर वळकटी असते, हात फिरवला तरी लागते. करवत या वळकटीच्या जरा बाहेर चालवायची. वळकटीच कापली गेली तर जखम दुप्पट होते, आणि खुंट बाहेर राहिला तर झाडाला तो झाकता येत नाही. पहिल्या टोळीने फणसावर असे दोन खुंट वीतभर लांब सोडले होते. ऑक्टोबरमध्ये ते काळे पडून एकावर अळंबी उगवली. आंब्याच्या नीट कापाभोवती मात्र आता सगळीकडून सारख्या जाडीची नवी साल गोल वळून आत येतेय. ती सगळ्या बाजूंनी सारखी दिसली की काप योग्य जागी होता असं समजावं. फक्त दोन बाजूंनी आली आणि वर-खाली नाही, तर काप खोडाच्या फार आत गेलाय.

कापावर काय लावायचं यावरून बराच वाद झाला. कामगार डांबर किंवा उरलेला ऑईल पेंट फासतात, ते करू देऊ नका. अमेरिकेच्या वनखात्यात काम केलेल्या अॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडं उभी चिरून दाखवलं की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही, झाड कुजलेला भाग आतल्या आत भिंती घालून कोंडतं आणि वरच्या रंगाने त्याला काही मदत होत नाही. आंब्याच्या मोठ्या कापाला पावसाच्या तोंडावर कोकणातल्या बागायतदारांप्रमाणे बोर्डो पेस्ट (बुरशी रोखणारा लेप) लावली, तेवढं चालतं. 100 ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, 100 ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, भांडी प्लॅस्टिकची, मग दोन्ही एकत्र ओतून ढवळायचं. लोखंडी सुरीचं पातं मिनिटभर बुडवून बघावं, तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. त्याच दिवशी वापरून संपवावी. खोडाच्या पोकळीत सिमेंट भरण्याचं काम यादीत होतं, ते काढायला लावलं. वाऱ्यात खोड हलतं, सिमेंट हलत नाही, मधल्या फटीत पाणी साचून कूज वाढते.

परवानगीचं काम कंत्राटदाराने नीट केलं. खाजगी आवारातलं झाड असलं तरी महाराष्ट्रात 1975 चा नागरी क्षेत्रातला वृक्ष संरक्षण कायदा लागू होतो. अर्ज वॉर्डातल्या उद्यान विभागाकडे, मग जागेवर पाहणी. झाड तोडायचं असेल तर त्यावर नोटीस लागते आणि लोकांना हरकत घेता येते. 2021 च्या दुरुस्तीपासून 50 वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा आहे आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. त्यामुळे ‘एक झाड तर आहे’ म्हणून विषय संपत नाही. अर्ज फेब्रुवारीतच टाकावा. एप्रिल उलटला की सगळ्या मुंबईचे अर्ज एकदम येतात, आणि कावळ्यांची घरटीही तेव्हाच असतात. घरटं असलेली फांदी पिल्लं उडेपर्यंत ठेवायची, हे कंत्राटात लिहून घ्यावं.

तोडावं लागलं ते फक्त सोनमोहर. बुंध्याशी तपकिरी, लाकडासारखी कडक अळंबी आली होती. लाकडी हातोडीने खोड ठोकत गोल फिरलं की पश्चिमेच्या बाजूला आवाज डबडबीत यायचा आणि पातळ सळई सहज हातभर आत जायची. पोकळीभोवतीचं निरोगी लाकूड खोडाच्या त्रिज्येच्या एक तृतीयांशाहून कमी उरलं की झाड भरवशाचं राहत नाही, असा ढोबळ हिशोब आहे. याचं कारण वर नव्हतं, खाली होतं. काही वर्षांपूर्वी केबलसाठी खोडाला लागून चर खणला होता आणि त्या बाजूची मुळं तुटली होती. मुंबईत झाडं उन्मळून पडतात ती बहुतेक अशीच. भरावाची जमीन, जमिनीतलं पाणी वरच असल्यामुळे उथळ मुळं, त्यात चर किंवा काँक्रीट. मग भिजलेल्या मातीत नैऋत्येचा झोत आला की झाड मुळासकट आडवं. 17 मे 2021 ला तौक्ते वादळ किनाऱ्यालगत गेलं तेव्हा शहरात शेकडो झाडं पडली.

असं पोकळ झाड बुंध्याशी काप घेऊन पाडता येत नाही, आवारात तेवढी जागाही नसते. तुकड्या-तुकड्याने वरून उतरवावं लागतं आणि माणसाने त्याच झाडावर चढायचं नसतं. कंत्राटदार आधी माणूस चढवणार होता. हायड्रॉलिक शिडीची गाडी आणायला सांगितलं आणि त्याने आणली. प्रत्येक तुकडा दोराला बांधून, दोर शेजारच्या भक्कम खोडाला दोन वेढे देऊन एक जण सोडत होता. खोडाचा 40 सेंटिमीटर जाड आणि मीटरभर लांब ओला तुकडा शंभर किलोच्या घरात जातो, त्यामुळे नुसत्या हाताने दोर धरणं म्हणजे अपघाताला बोलावणं. फांदीच्या लांबीच्या दुप्पट अंतरात कोणीही उभं राहू नये. झाडावर चेनसॉ चालवणारा माणूस दोन ठिकाणी बांधलेला हवा, त्यातला एक पट्टा पोलादी तारेचा, कारण सुताचा दोर साखळीने क्षणात कापला जातो. हेल्मेट आणि हार्नेस कामगारांनी आणले होते. पट्टा मात्र दुसऱ्या दिवशी, मागितल्यावर आला. खोड जमिनीलगत कापून मूळ तसंच ठेवलं. जेसीबीने उपटलं असतं तर पाण्याची लाईन आणि फरशी दोन्ही गेली असती.

उरलेल्या झाडांभोवतीचं काँक्रीट मीटरभर गोल फोडून घेतलं. दिल्लीसाठी राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये हेच अंतर सांगितलं होतं. छिन्नी-हातोडीने फोडावं, ब्रेकरने मुळंही तुटतात. यात चूक अशी झाली की आळी मोकळी केल्यावर कामगारांनी लाल माती बुंध्यावर वीतभर चढवली. साल मातीखाली सतत ओली राहून कुजते. बुंधा जिथे रुंद होऊन मुळांना मिळतो तो भाग उघडा दिसला पाहिजे. जूनमध्येच माती खाली ओढली. पर्जन्यवृक्षाच्या खोडाभोवती इंटरनेटवाल्यांनी आवळलेली तार सालीत रुतली होती. ती ओढून न काढता दोन्ही टोकांना कापून रुतलेला भाग तसाच सोडला.

नारळांच्या बाबतीत तक्रार मोठी आहे. सुकलेल्या झावळ्या, पोया (फुलोऱ्यावरची आवरणं) आणि तयार नारळ काढायचं ठरलं होतं. तीन झाडांच्या हिरव्या झावळ्याही उडवल्या आणि शेंड्याला झाडूसारखा झुबका ठेवला. नारळाला महिन्याला साधारण एकच झावळी येते आणि प्रत्येक झावळीच्या बेचक्यातून फुलोरा निघतो. हिरवी झावळी तोडली की तिचा घड जातो, वर ओल्या कापाच्या वासाने सोंड्या भुंगा येतो. खोडात भोक, त्यातून तांबूस चिकट पाणी आणि चावलेला चोथा दिसला की तो आत आहे असं समजावं. चढताना खिळ्यांचे बूट वापरायचे नाहीत, नारळाच्या खोडावरची भोकं कधी मिटत नाहीत.

नारळाची दुसरी कीड, गेंड्या भुंगा, मात्र आपणच पोसली होती. नव्या झावळीवर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी तुकडे दिसले की तो. सोसायटीच्या कंपोस्टच्या खड्ड्यात त्याच्या पांढऱ्या जाड अळ्या सापडल्या. आता खत महिन्याला पूर्ण उलटं करून अळ्या वेचतो. वरच्या तीन झावळ्यांच्या बेचक्यांत प्रत्येक झाडाला पाव किलो निंबोळी पेंड आणि पाव किलो बारीक वाळू मिसळून भरतो, मे, सप्टेंबर आणि डिसेंबरमध्ये. सप्टेंबरचा हप्ता झाला, त्यानंतर उलगडलेली पानं सगळ्या झाडांवर अखंड आहेत.

पुढच्या वर्षीचं कंत्राट त्याच माणसाला देतोय, कागद वेगळा आहे. ‘झाडांची छाटणी’ एवढं मोघम न लिहिता प्रत्येक झाडाचा क्रमांक, जमिनीपासून साडेचार फुटांवर मोजलेला घेर, काढायच्या फांद्यांचे खुणा केलेले फोटो, नारळाची हिरवी झावळी तोडायची नाही, पाला-लाकूड त्याच दिवशी उचलायचं आणि कामगारांचा विमा दाखवल्याशिवाय काम सुरू नाही, अशी कलमं आहेत. दर झाडामागे ठरवलाय, उचललेल्या पाल्याच्या टेम्पोमागे नाही. टेम्पोवर पैसे मिळाले की जास्त तोडण्यातच फायदा असतो.

सोनमोहराच्या जागी उंडी लावली, खारा वारा सोसते. गुलमोहर पुन्हा नको असंच मत पडलं. करंज आणि भेंडही चालले असते. काठीला सैल आठच्या आकड्यात सुतळीने बांधलीय, खोड थोडं हलायला हवं, त्यानेच ते जाड होतं. काठी पुढच्या पावसाळ्यानंतर काढायची आहे.