१५०-६०० एमएमची झूम लेन्स आठ महिने वापरल्यावर, फक्त पक्ष्यांच्या क्लोजअपबद्दल

कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, या रेंजच्या झूम बहुतेक साधारण एकाच जातीच्या, वजन दोन किलोच्या आसपास, ६०० ला अपर्चर (प्रकाश आत येणारं भोक) जास्तीत जास्त एफ ६.३ पर्यंत उघडतं, आणि पुढे ९५ एमएमचा फिल्टर, ज्याची किंमत ऐकून मी तो घेतलाच नाही. माझी सेकंडहँड आहे, क्रॉप बॉडीवर, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर लावतो, हिशोबाने ६०० ची दीडपट, ९०० एमएम. ऑक्टोबरात घेतली तेव्हा वाटलेलं आता काय, पक्षी कुठेही बसू दे, डोळ्यातलं आभाळ दिसणार.

डिसेंबरात भिगवणला, उजनीच्या पाण्यावर गेलो. नावाड्या दादांनी इंजिन बंद करून बांबूने होडी पुढे रेटली, रोहित (फ्लेमिंगो) चाळीस-पन्नास मीटरवर, मी हजारभर फोटो मारले आणि घरी येऊन बघतो तर एकाही फोटोत पिसं सुटी दिसेनात, सगळी लापशी. लेन्सला मनसोक्त शिव्या घातल्या. मग त्याच कार्डावर सकाळी सातचा, होडीच्या अगदी बाजूला उभा शेकाट्या (लांब पायांचा पाणपक्षी) सापडला, तो कडक शार्प! ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि तिच्यातून लांबचा पक्षी कुठल्याही लेन्सने असाच येतो. लेन्स पक्षी मोठा करते, जवळ आणत नाही, ते अंतर आपणच कापायचं.

तेव्हापासून पुण्याजवळचं नदीकाठचं कवडीपाट. वास सोसवत असेल तर जा. चिखलात गोणपाट टाकून पालथं पडायचं, लेन्स पक्ष्याच्या डोळ्याच्या लेव्हलला, आणि आपण त्याच्याकडे सरकायचं नाही, त्याला येऊ द्यायचं. सुरुवातीला वंचक (छोटा बगळा) बेस्ट मॉडेल, पुतळ्यासारखा उभा राहतो. मागे थर्माकोल, चपला, निर्माल्य, पण ६०० ला ते सगळं विरघळून मऊ करडं होतं आणि लोक विचारतात ही एवढी सुंदर जागा कुठली. मला जरा कसंसंच होतं.

आता गंमत अशी की पक्षी खरंच जवळ आला की नवीन डोकेदुखी. पाच मीटरवर, ६०० ला, पूर्ण उघड्या अपर्चरला फोकसमध्ये जेमतेम दीड सेंटीमीटर येतं. खंड्याची चोचच सहा सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे त्याने तुमच्याकडे तोंड केलं की चोचीचं टोक शार्प आणि डोळा गेला. मी अपर्चर थोडं बारीक करून एफ ८ ठेवतो, म्हणजे फोकसमध्ये जरा जास्त येतं, फोकसचा एकच पॉइंट डोळ्यावर, आणि त्याने मान आडवी केली की सलग आठ-दहा फ्रेमचा बर्स्ट. बर्स्ट का, तर पक्ष्यांना तिसरी पापणी असते, पांढुरकी, ती नेमकी क्लिकच्या वेळी फिरते आणि डोळा मोतीबिंदू झाल्यासारखा दुधाळ येतो. माझा एक बुलबुल असाच वाया गेला, बाकी सगळं परफेक्ट. आणि २.८ मीटरच्या आत फोकसच होत नाही, एकदा नाचण पक्षी पायाशी येऊन नाचून गेला आणि मी नुसता बघत बसलो.

तक्रारी आहेतच. खांद्याला लटकवून चाललं की झूम आपोआप खाली घसरते, लॉक लावायचा राहतोच. सिंहगडाच्या दरीत झाडीत अंधार असला की फोकस पुढेमागे शोधत बसतो, तोवर पक्षी पसार. पट्टा कॅमेऱ्याला नका लावू, लेन्सच्या कॉलरला (तिच्याभोवतीच्या कड्याला) लावा. आणि पोर्ट्रेट सोपं मिळतं म्हणून घरट्यापाशी जाऊन बसणारे, मोबाइलवर पक्ष्याचा रेकॉर्ड केलेला आवाज वाजवणारे, त्यांनी ही काय कुठलीच लेन्स घेऊ नये.

ट्रायपॉड मी विकला. गाडीच्या खिडकीवर लेन्स टेकवायला बीनबॅग (दाणे भरलेली पिशवी) टाकून बसलं की वेडा राघू तारेवरून उठतसुद्धा नाही, दार उघडलं की लगेच उडतो. बीनबॅग आईने जुन्या जीन्सच्या पायाची शिवून दिली, आत दोन किलो वाटाणे. पाऊस सुरू झाल्यापासून लेन्स सिलिका जेल टाकून हवाबंद डब्यात ठेवतो, बीनबॅगचं मात्र लक्षातच आलं नाही, परवा उघडली तर आत भुंगे.