बातमीदार की अँकर? वृत्तवाहिनीत सुरुवात करणाऱ्यांसाठी

दोघंही पडद्यावर दिसतात, त्यामुळे बाहेरून दोन्ही कामं सारखीच वाटतात. दिवस मात्र अगदी वेगळे जातात.

बातमीदाराचा दिवस असाइनमेंट डेस्कच्या (कोणी कोणती बातमी करायची ते ठरवणाऱ्या विभागाच्या) फोनने सुरू होतो आणि कधी संपेल ते त्यालाही माहीत नसतं. घटनास्थळ गाठायचं, बोलायला तयार होतील अशी माणसं शोधायची, बाईट (कॅमेऱ्यासमोरच्या छोट्या प्रतिक्रिया) घ्यायचे, पीटीसी (कॅमेऱ्याकडे पाहून स्वतः बातमी सांगणं) करायचा, फुटेज पाठवायचं. तेवढ्यात कानात आवाज येतो, ‘दोन मिनिटांत लाइव्ह!’ दिवसभर थांबून मिळवलेली माहिती शेवटी दीड-दोन मिनिटांच्या पॅकेजमध्ये, म्हणजे संपादित तयार बातमीत, बसवावी लागते. पूर, दंगल, अपघात फार जवळून पाहावे लागतात आणि त्यातलं बरंच काही मनात घर करून राहतं. याचा विचार आधीच करा. पण या धावपळीत ओळखी होतात, सूत्रं तयार होतात. वाहिनी बदलली तरी ही कमाई तुमचीच.

अँकरच्या वेळा शिफ्टने ठरतात. पहाटेचं बुलेटिन वाट्याला आलं तर मध्यरात्री उठणं आलंच. टेलिप्रॉम्प्टरवरचं वाचून दाखवणं सरावाने जमतं. खरा कस लागतो ब्रेकिंगच्या वेळी: लिहून दिलेलं काही नसतं, पीसीआरमधून (प्रक्षेपणाच्या नियंत्रण कक्षातून) निर्माता कानात बोलत असतो, समोर पाहुण्याचं उत्तर संपत आलेलं असतं आणि पुढचा प्रश्न तुम्हालाच सुचायला हवा. 22 नोव्हेंबर 1963 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्यावर गोळीबार झाला, त्यानंतर सीबीएस या अमेरिकी वाहिनीचे अँकर वॉल्टर क्रॉंकाइट थेट प्रक्षेपणात ती बातमी देत होते. मृत्यूच्या बातम्या येऊ लागल्यावरही, अधिकृत दुजोरा मिळेपर्यंत, ते प्रेक्षकांना हे अजून नक्की नाही असं सांगत राहिले. दुसऱ्या महायुद्धात वृत्तसंस्थेसाठी बातमीदारी केलेला माणूस होता तो. हा संयम मला फील्डवरच्या कामाची देणगी वाटतो.

तिसरी वाट डेस्कची, म्हणजे कार्यालयात बसून बातम्या लिहिण्या-संपादण्याची. चेहरा दिसत नाही, पण बातमी कशी बांधतात, रनडाउन (बुलेटिनमधल्या बातम्यांचा क्रम) ऐन वेळी कसा बदलतो, हे तिथे कळतं. प्रसिद्ध पत्रकार क्रिस्तियान अमानपूर 1983 मध्ये सीएनएनमध्ये आल्या त्या डेस्कवरच्या कनिष्ठ कामासाठी. आखाती युद्ध आणि बोस्नियातल्या युद्धाचं वार्तांकन नंतर आलं, स्वतःचा कार्यक्रम त्याहून नंतर.

माझं मत स्पष्ट आहे: पहिली काही वर्षं फील्डवर काढा. बातमीदाराचा अँकर होतो, उलटा प्रवास क्वचितच होतो. घरच्या जबाबदाऱ्यांमुळे किंवा तब्येतीमुळे फिरणं शक्य नसेल, तर डेस्क निवडा; त्यात कमीपणा नाही.

आणि आवाज, भाषा चांगली म्हणून थेट अँकरिंगचीच संधी आली तर? नाकारू नका. पण होकार देण्याआधी दोन गोष्टी विचारा: स्वतःच्या बुलेटिनची स्क्रिप्ट स्वतः लिहायला मिळेल का, आणि मोठ्या घटनेच्या वेळी फील्डवर पाठवतील का. दोन्हींना नकार मिळाला, तर दुसऱ्या वाहिनीतली साधी बातमीदारी घ्या.