दिवस गेलेत आणि मशेरी सोडायचीय: एकदम, हळूहळू, गम की फोन?

आपल्याकडच्या बायका कुठं सिगरेट ओढतात म्हणून हा विषय सोडून देऊ नका, मशेरी आहे ना घरोघर. तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली तंबाखूच ती, भाजली म्हणून निकोटिन काही जात नाही. मुंबईतल्या १२१७ गरोदर बायकांचा अभ्यास २००४ मध्ये छापून आला होता, त्यात मशेरी-तंबाखूवाल्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी आणि बाळंतपण सहाएक दिवस आधी.

आता सोडायची कशी. हळूहळू कमी करणं ऐकायला सोपं वाटतं पण मशेरीला माप कुठंय? बिडी निदान मोजता तरी येते, इथं बोटाला लागेल तेवढी, आणि सकाळची एकच म्हणत म्हणत दुपारी भांडी घासल्यावर परत मोरीतली डबी हातात, त्यामुळं मला हा मार्ग फसवा वाटतो. जमवायचंच असेल तर शेवटची तारीख आधी ठरवा.

एकदम बंद केलं तर पहिले दोन-तीन दिवस चिडचिड, डोकं दुखणं, झोप नाही, मग दोन-चार आठवड्यात उतरतं. खरी अडचण वेगळीच असते, "लावल्याशिवाय पोट साफ होत नाही". त्यात लोहाच्या गोळ्यांनी आधीच खडा झालेला असतो, म्हणून बायका चौथ्या दिवशी परत सुरू करतात. कोमट पाणी, फळं, पालेभाज्या, थोडं चालणं, आणि तरी नाही झालं तर डॉक्टरला स्पष्ट सांगा, लाजू नका, गरोदरपणात चालणारं औषध देतात.

निकोटिन गम, म्हणजे तंबाखूची तलफ भागवायला चघळायचं च्युइंगम, मेडिकलात मिळतो, पण गरोदर बाईनं स्वतःच्या मनानं अजिबात घेऊ नये. त्यातही निकोटिनच आहे. बाकी काहीच जमेना तर डॉक्टर ठरवतील.

फोनचं म्हणाल तर तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी क्विटलाइन १८००-११-२३५६, फुकट आहे, मराठीत बोलतात. नुसता फोन करून मशेरी सुटत नाही हे खरं, पण तलफ आली की काय करायचं ते माणूस सांगतं, आणि जागतिक आरोग्य संघटनासुद्धा गरोदरपणात आधी समुपदेशनच सांगते. घरात कुणाला कळू द्यायचं नसेल तर आशाताईंशी बोला.

मी तरी एकदम बंद अधिक फोन हेच सांगीन. आणि सासूबाई मशेरी भाजत असतील तर त्यांनाही निदान सुनेसमोर तवा चढवू नका म्हणावं, त्या वासानंच तलफ येते.