दुसऱ्यांच्या लढ्यात उतरायचंय? मग कोणत्या वाटेनं?

एखाद्या प्रदेशातली माणसं त्यांना पिळून काढणाऱ्या राजवटीविरुद्ध उठली आहेत. तुमचा त्या मातीशी जन्माचा संबंध नाही, तरी मन तिकडे ओढ घेतंय. ही ओढ चांगलीच आहे, तिच्याबद्दल कुणी तुम्हाला भोळसट म्हणत असेल तर त्याकडे खुशाल दुर्लक्ष करा. प्रश्न आहे तो जायचं कसं, याचा. हत्यार घेऊन? निःशस्त्र सत्याग्रही म्हणून? डॉक्टर किंवा शिक्षक म्हणून? तिथंच मुक्काम ठोकून? की आहे तिथंच राहून बाहेरून जोर लावायचा? या पाचही वाटांनी माणसं गेली आहेत. त्यांचं पुढं काय झालं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ज्यांच्यासाठी ती गेली त्यांचं काय झालं, हे आपल्यापुढं आहे.

तुलना करताना मी धाडस किंवा त्याग मोजलेला नाही. तो बहुतेकांकडे भरपूर होता. मी एकच गोष्ट पाहिली: बाहेरच्या माणसाच्या येण्याची किंमत कोणी मोजली, आणि तो नसताना लढा उभा राहिला का?

हा प्रश्न गोव्याच्या इतिहासानं फार ठळकपणे समोर आणला आहे. 1946 च्या जूनमध्ये राममनोहर लोहिया विश्रांतीसाठी आपले मित्र डॉ. जुलियांव मिनेझिस यांच्याकडे असोळण्याला गेले. तिथं लोक त्यांना भेटू लागले, साधी सभा घ्यायलाही परवानगी लागते हे सांगू लागले. 18 जूनला लोहियांनी मडगावात ती बंदी मोडली. पोर्तुगीजांनी त्यांना पकडलं आणि सोडून हद्दीबाहेर काढलं. सप्टेंबरमध्ये ते पुन्हा गेले, काही दिवस आग्वादच्या कोठडीत राहिले, पुन्हा बाहेर काढले गेले. त्याच आंदोलनात उतरलेल्या गोवेकरांना मात्र वेगळा न्याय होता. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना आठ वर्षांची शिक्षा झाली आणि पोर्तुगालमधल्या पेनिशच्या तुरुंगात धाडण्यात आलं. पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे हेही हद्दपार झाले. गुन्हा एकच, पण परक्याला सीमेपलीकडे सोडलं आणि घरच्याला समुद्रापलीकडे.

म्हणून लोहियांनी जायला नको होतं का? तसं मुळीच नाही. लोकांनीच त्यांना बोलायला लावलं, सभेला लोकच जमले, आणि त्या दिवसानं गोव्याच्या लढ्याला जी धग दिली ती पुढं विझली नाही. पण तुम्ही जाणार असाल तर हा फरक आधीपासून डोळ्यांपुढं असू द्या. तुमच्या खिशात परतीचा कागद आहे. तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे तो नाही.

हत्यार घेऊन

सगळ्यात जास्त भुरळ याच वाटेची पडते, म्हणून तिच्याबद्दल सर्वांत सावध राहायला हवं.

क्यूबाच्या क्रांतीतले अर्जेंटिनी नेते चे गेव्हारा हे नाव इथं टाळता येत नाही. 1966 च्या नोव्हेंबरात ते बोलिव्हियात पोहोचले. खाणकामगारांची आणि शेतकऱ्यांची तिथली पिळवणूक खरी होती. पण 1953 मध्ये तिथं जमीन सुधारणा झाली होती आणि ज्या भागात त्यांचं गनिमी दल उतरलं तिथल्या शेतकऱ्याला या पाहुण्यांसाठी जीव धोक्यात घालण्याचं कारण दिसत नव्हतं. दलातले लोक केचुआ भाषा शिकत होते, आणि त्या भागात बोलली जात होती ग्वारानी. बोलिव्हियाच्या कम्युनिस्ट पक्षाचे मारिओ मोन्हे यांनी, लढा आमच्या देशात असेल तर नेतृत्व आमच्याकडे हवं, अशी अट घातली. चे यांनी ती नाकारली आणि पक्षाची मदत तिथंच तुटली. महिन्यामागून महिने शेतकरी दलात येत नाहीत हे ते स्वतःच डायरीत लिहीत राहिले. 8 ऑक्टोबर 1967 ला ते पकडले गेले, दुसऱ्या दिवशी ला हिगेरा गावात त्यांना मारलं. त्यांच्या निष्ठेवर शंका घेण्याचं कारण नाही. पण घरच्या माणसानं घातलेली अट मान्य नसेल तर तो लढा त्याचा राहत नाही, तुमचा होतो, आणि तुमच्या लढ्यासाठी तो मरायला का येईल?

स्पेनची गोष्ट निराळी होती. 1936 नंतर पन्नासहून अधिक देशांतले सुमारे 35,000 स्वयंसेवक बंडखोर जनरल फ्रँकोविरुद्ध लढायला गेले. तिथं निवडून आलेलं सरकार होतं, त्याचं सैन्य होतं, स्वयंसेवक त्या चौकटीत शिरले. 1938 मध्ये त्याच सरकारनं त्यांना परत पाठवण्याचा निर्णय घेतला तेव्हा ते निघाले. इथवर सगळं रीतसर. पण जर्मन आणि इटालियन स्वयंसेवकांना जायला घर कुठं होतं? त्यांच्या देशात हिटलर आणि मुसोलिनी बसले होते. यातल्या अनेकांच्या नशिबी फ्रान्समधल्या छावण्या आल्या. या वाटेनं जाणाऱ्यानं आपल्याच देशाचा कायदा या कृत्याला काय म्हणतो, हे निघण्याआधी वकिलाकडून समजून घ्यावं. परत आल्यावर ते कळून उपयोग नाही.

आणि तरीही या वाटेवर एक माणूस असा आहे की त्याच्यापुढं माझी सगळी सावधगिरी थोडी नमते. मोहन रानडे सांगलीचे. गोव्यात ते मराठीचे शिक्षक म्हणून गेले, तिथल्या लोकांत राहिले आणि पोर्तुगीजांविरुद्ध हत्यार उचललेल्या आझाद गोमंतक दलात सामील झाले. 1955 मध्ये पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. शिक्षा सव्वीस वर्षांची. त्यांच्या बाबतीत परक्याला सवलत हा नियम लागू झाला नाही. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला तेव्हाही ते पोर्तुगालच्या तुरुंगातच होते, आणि सुटले थेट 1969 च्या जानेवारीत. बोलिव्हियात आणि इथं फरक आहे तो क्रमाचा. रानडे आधी गावचे मास्तर झाले, मग स्थानिकांच्या संघटनेचे सैनिक. दल त्यांनी बाहेरून आणलं नव्हतं.

निःशस्त्र, सीमा ओलांडून

1955 च्या मे महिन्यात नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांच्या तुकडीनं गोव्यात प्रवेश केला. जुलैत मधु लिमये गेले. जबर मारहाण झाली, दहा-बारा वर्षांच्या शिक्षा सुनावल्या गेल्या, सुटका 1957 मध्ये झाली. 1955 च्याच 15 ऑगस्टला हजारो सत्याग्रही सीमेवर पोहोचले आणि पोर्तुगीजांनी नि:शस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक जण गेले. त्यानंतर भारत सरकारनं सत्याग्रहींना आत जाऊ देणं थांबवलं.

या वाटेचं मोल मोठं आहे, कारण इथं किंमत बाहेरचा माणूस स्वतःच्या अंगावर घेतो. गावकऱ्याच्या घरात लपत नाही, त्याच्या माथी बंदूक मारत नाही. पण ती कुठं चालेल हे राज्यकर्त्यावर अवलंबून आहे. ज्याला आपल्या देशातल्या वर्तमानपत्रांना आणि मतदारांना तोंड द्यावं लागतं, तो गोळी झाडण्याआधी विचार करतो. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याला तशी कसलीच चिंता नव्हती. वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता आणि विरोधी पक्ष नव्हता. 15 ऑगस्ट 1955 चं बलिदान जगापुढं पोर्तुगीज राजवटीचा चेहरा उघडा करून गेलं, पण ती राजवट त्यानं हलली नाही.

हातात कसब असेल तर

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं नाव आपण लहानपणापासून ऐकतो, पण निर्णय घेणाऱ्यानं त्यातल्या दोन गोष्टी नीट पाहाव्यात. पहिली, त्यांना बोलावणं होतं. चिनी सेनानी चू ते यांनी नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली आणि 1938 मध्ये काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. दुसरी, ते तिथं फक्त शस्त्रक्रिया करत बसले नाहीत. भाषा शिकले, तिथल्या वैद्यकीय विद्यालयात शिकवू लागले, कॅनेडियन डॉक्टर नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाच्या इस्पितळाचे प्रमुख झाले. 9 डिसेंबर 1942 ला, वयाच्या 32 व्या वर्षी ते गेले तेव्हा त्यांनी शिकवलेले हात काम करत राहिले. चीनचा तो लढा जपानी आक्रमणाविरुद्धचा होता, घरच्या राज्यकर्त्याविरुद्धचा नव्हे. बाहेरच्या डॉक्टरचा कस मात्र दोन्हीकडे सारखाच लागतो.

तुमच्याकडे असं कसब असेल आणि तिकडून मागणी असेल, तर पहिल्या दोन वाटांचा विचार बाजूला ठेवा. भूल देणारा डॉक्टर, परिचारिका, पाण्याचं काम जाणणारा अभियंता यांची जागा घोषणा देणारा माणूस भरू शकत नाही. कसब नसेल तर मात्र नुसतंच 'मदतीला आलोय' म्हणून जाऊ नका. आधीच कमी असलेल्या अन्नात तुम्ही एक तोंड वाढवता.

मुक्काम ठोकून

माझ्या मते सर्वांत अवघड आणि सर्वांत फलदायी वाट ही. ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांमध्ये गेलेल्या गोदावरी परुळेकर तिच्याच वाटसरू. पुण्याच्या, कायदा शिकलेल्या, शहरी बाई. वारली जमीनदाराच्या शेतात फुकट वेठ करत होता. लग्नासाठी कर्ज काढलं की नवरा-बायको दोघंही सावकाराचे लग्नगडी होत आणि वर्षानुवर्षं राबूनही ते कर्ज फिटत नसे. इंग्रजांचं राज्य होतं, पण वारल्याच्या दारात सरकार म्हणून उभा असायचा तो जमीनदार आणि त्याच्या पाठीशी पोलीस.

1945 च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. तिला काही वारली आले आणि माह्या धांगडा व्यासपीठावरून बोलला. मे महिन्यात झरी गावी वारल्यांची स्वतःची परिषद भरली आणि वेठ करायची नाही असं ठरलं. ऑक्टोबरात गवत कापणीचा संप: पाचशे पौंड गवताला अडीच रुपये द्या.

मग तलवाड्याची रात्र आली. गोदावरीबाई सभेला येणार, त्यांच्या जिवाला धोका आहे, अशी आवई उठवली गेली. वारली हजारोंनी जमले आणि पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण मारले गेले. बाई तिथं नव्हत्याच. बाहेरच्या माणसावरची माया कशी सापळा म्हणून वापरता येते, याचं याहून कठोर उदाहरण मला माहीत नाही. जिथं तुमच्या नावानं लोक धावत येतात, तिथं तुमचं नावही जपून वापरावं लागतं: निरोप कोण देतो, तो खरा कसा ओळखायचा, हे आधी ठरलेलं असावं लागतं.

पण पुढचं पाहा. सभाबंदी आली, कार्यकर्त्यांना जिल्हाबंदी झाली, आणि संप चालूच राहिला. अडीच रुपयांचा दर मिळाला. 1946 च्या जंगलकामाच्या संपातही नेते हद्दपार असताना वारल्यांनी तो टिकवला. ज्या प्रश्नानं मी सुरुवात केली त्याचं इतकं स्वच्छ उत्तर बाकीच्या कोणत्याच वाटेवर सापडत नाही. बेगारीविरुद्ध शिमल्याच्या डोंगरात कोटगढच्या लोकांसोबत उभे राहिलेले अमेरिकन सॅम्युएल स्टोक्स हेही याच जातीचे. 1921 मध्ये तुरुंगात जाण्याआधी त्यांनी त्या डोंगरात अनेक वर्षं काढली होती, तिथंच संसार थाटला होता.

या वाटेची अट एवढीच की ती सुट्टी काढून चालता येत नाही. दोन वर्षांनी परतायचं मनात असेल तर ही निवडू नका. लोकांनी तुमच्या भरवशावर जमीनदाराशी वैर घेतलेलं असतं.

घरी राहून

इथं बहुतेक जण खट्टू होतात. होऊ नका. 1984 च्या जुलैत डब्लिनमधल्या एका सुपरमार्केटच्या काउंटरवर मेरी मॅनिंग नावाच्या तरुणीनं दक्षिण आफ्रिकेतून आलेली ग्रेपफ्रूट बिलात घ्यायला नकार दिला, कारण तिच्या कामगार संघटनेनं तसा ठराव केला होता. तिला निलंबित केलं, सहकारी बाहेर पडले, संप जवळजवळ तीन वर्षं चालला. सुरुवातीला त्यांना वर्णभेदाबद्दल फारसं ठाऊक नव्हतं. निम्रोद सेजाके नावाचे निर्वासित दक्षिण आफ्रिकी कामगार नेते त्यांच्यासोबत रस्त्यावर उभे राहिले आणि त्यांनी समजावून सांगितलं. 1987 मध्ये आयर्लंडनं दक्षिण आफ्रिकेची फळं-भाज्या आयात करण्यावर बंदी घातली.

महत्त्वाचं हे की बहिष्काराची कल्पना आयरिश माणसाच्या डोक्यातून निघाली नव्हती. दक्षिण आफ्रिकेतले काळ्यांचे नेते अल्बर्ट लुथुली यांनी 1959 मध्येच ती जगाकडे मागितली होती, आपल्या लोकांनाही त्याची झळ बसेल हे मान्य करून. म्हणून ती झळ कुणी बाहेरच्यानं त्यांच्यावर लादलेली ठरत नाही. तुम्हाला एखाद्या देशाच्या मालावर बहिष्कार घालावासा वाटला तर आधी विचारा, तिथल्या पीडितांच्या संघटना तसं मागताहेत का? मागत नसतील तर तुमचा राग त्यांच्याच पोटावर पाय देईल.

तुम्ही कोणतंही कसब नसलेले, घरची जबाबदारी असलेले, तिथली भाषा न येणारे असाल, तर माझं मत स्पष्ट आहे: ही वाट. डॉक्टर असाल आणि बोलावणं असेल, तर जा. आयुष्य द्यायची तयारी असेल, तर गोदावरीबाईंची वाट. हत्याराची वाट मी कुणालाही सुचवणार नाही.

जो जाणार आहे त्यानं एक काम निघण्याआधी करून ठेवावं. मागे एक माणूस असा असावा की तुम्ही तुरुंगात गेलात तर तो वर्षानुवर्षं दारं ठोठावत राहील. मोहन रानड्यांसाठी ते सुधीर फडके यांनी केलं. आणि त्या माणसाच्या यादीत तुमच्या एकट्याचं नाव असू नये, तुमच्यासोबत पकडल्या जाणाऱ्या स्थानिकांची नावंही असावीत. रानडे 1969 मध्ये सुटले तेव्हा गोव्याचे तेलो मास्कारेन्यश अजून पोर्तुगालच्या तुरुंगात होते. ते सुटले 1970 मध्ये.