सेफ्टी बुटात सुती मोजे की लोकरमिश्रित?

जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये किंवा वाळूजच्या एमआयडीसीत दिवसभर बूट घालून उभं राहायचं, तर लोकरमिश्रित मोजेच घ्या. सूत घाम पितं, पण लवकर वाळत नाही. ओला मोजा टाचेला घासतो आणि दुपारपर्यंत फोड येतो. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास 30 टक्के ओलावा धरूनही ओलसर लागत नाही. मे महिन्यात लोकर? हो, पातळ विणीची. टाचेत-चवड्यात थोडं नायलॉन हवं, नाहीतर तिथंच आधी भोक पडतं. भट्टी किंवा वेल्डिंगजवळ मात्र निव्वळ नायलॉन-पॉलिस्टरचे नकोच. ते वितळून कातडीला चिकटतं.

सुती स्वस्त पडतात. तेच घेतले तर जेवणाच्या सुट्टीत बदलायला कोरडा जोड डब्याच्या पिशवीत ठेवाच. कुठलेही घ्या, दुकानातच उलटे करून बोटांवरची शिवण चपटी आहे ना, तेवढं बघा.